यादीबाहेरची माणसं: इंदुरातून स्थलांतर आणि विस्थापनाचा अभ्यास कसा करावा

स्थलांतरावरचे बहुतेक छोटे अभ्यास 'स्थलांतरितांचे जीवनमान' असल्या ऐसपैस विषयानं सुरू होतात आणि 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' या वाक्यावर संपतात. शासन लक्ष देत नाही, कारण कुठल्या कार्यालयातल्या कुठल्या कागदावर काय बदलायचं हे त्यात लिहिलेलंच नसतं. धोरण माणसापर्यंत पोचतं ते याद्यांमधून. प्रकल्पग्रस्तांची यादी, रेशनची यादी, बांधकाम कामगारांची नोंदणी, मतदारयादी. म्हणून अभ्यास कामाला यावा असं वाटत असेल तर एकच प्रश्न धरून चाला: या यादीत जो असायला हवा होता तो का नाही?

त्यासाठी इंदूर सोयीचं आहे. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय इथंच. सरदार सरोवरात बुडालेली धार-बडवानीकडची गावं दिवसात जाऊन येण्याजोगी. झाबुआ-अलीराजपूरचा मजूर रोज इथल्या चौकांत उभा असतो, पिथमपूरच्या कारखान्यांत बाहेरच्या राज्यांतली पोरं आहेत, आणि १९४७ नंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची तिसरी-चौथी पिढी बाजारपेठ सांभाळते आहे. आपण मराठी मंडळीही होळकरांच्या मागोमागच इथं आलो, पण 'स्थलांतरित' म्हटल्यावर आपलं नाव आपल्याला कधी सुचत नाही.

पुढचं सगळं चार-पाच जणांच्या गटासाठी आहे: समाजकार्याचे विद्यार्थी, छोटी संस्था, किंवा हाताशी वेळ असलेले निवृत्त लोक. मोठा निधी गृहीत धरलेला नाही.

आधी कागद ठरवा, मग प्रश्न

वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य पूर्ण करा: "हा अहवाल वाचून अमुक अधिकाऱ्यानं अमुक गोष्ट बदलावी." रिकाम्या जागा भरता येत नसतील तर अजून घराबाहेर पडू नका.

उदाहरण घेऊ. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा केंद्रीय कायदा झाला. त्यात बांधकाम खर्चावर एक टक्क्यापासून उपकर घेऊन कल्याणनिधी उभा करायची सोय होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितांनी घेतली, पण ही सोय त्यांतही आहे. निधीचा लाभ घ्यायचा तर नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं लागतं. आता चौकात उभ्या असलेल्या मजुराचा मालक रोज बदलतो. नव्वद दिवसांचा दाखला त्याला देणार कोण? त्यामुळे "मजुरांच्या समस्या काय?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि असा विचारा: "बाहेरगावच्या मजुरांपैकी किती जण नोंदलेले नाहीत, आणि अडतं नेमकं कुठं? दाखल्यापाशी, पत्त्यापाशी, समग्र आयडीपाशी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), की अशी नोंदणी असते हेच ठाऊक नसण्यापाशी?" याचं उत्तर श्रम विभागाला वापरता येतं. 'समस्या काय' याचं उत्तर कुणालाच वापरता येत नाही.

बाधित कोण, हे कुणी ठरवलं ते शोधा

विस्थापनाच्या अभ्यासात सगळ्यात जास्त वेळ मी इथं घालवायला सांगेन, कारण यादीबाहेर पडणारी माणसं व्याख्येतच पडलेली असतात.

सरदार सरोवराबाबत नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार २५ टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबाला बदल्यात किमान २ हेक्टर जमीन मिळायची होती, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला जायचा. सज्ञान मुलगी नाही. भूमिहीन मजूर, कुंभार, नावाडी, नदीच्या गाळात कलिंगडं लावणारा, यांच्यासाठी जमिनीची तरतूद नव्हती. गुजरातनं १९८७ मध्ये भूमिहीनांनाही जमीन द्यायचं ठरवलं. मध्य प्रदेशात तसं झालं नाही. धरण एक, नदी एक, आणि दोन काठांवरच्या दोन भूमिहीनांचं नशीब वेगळं. पुढे २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानं 'बाधित कुटुंबा'त जमीन नसलेल्यांनाही घेतलं: संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेले शेतमजूर, कुळं, वाटेकरी, कारागीर. तुमचं गाव कुठल्या नियमाखाली गेलं हे आधी पक्कं करा, नाहीतर १९७९ च्या माणसाला २०१३ चा हक्क मागत बसाल.

व्याख्या बदलली नाही तरी रेषा बदलू शकते. धरणाच्या फुगवट्याचं पाणी कुठवर चढेल याचं गणित सरकारनं मधल्या काळात पुन्हा मांडलं आणि मध्य प्रदेशातली सुमारे १६ हजार कुटुंबं बुडिताबाहेर काढली. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. सप्टेंबर २०२३ च्या पुरात धार-बडवानीकडे पाणी त्या नव्या रेषेच्या वर असलेल्या घरांतही शिरलं. अशा गावात करायचा अभ्यास साधा आणि जबर आहे. घराच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे, तिची उंची मोजा. त्याच घराचं नाव कुठल्या यादीत होतं आणि कुठल्या यादीतून गेलं ते समोर लिहा. दोन रकाने पुरतात.

यादीत नाव असणं म्हणजे हक्क मिळणं, असंही समजू नका. मध्य प्रदेशात जमिनीऐवजी रोकड देऊन जमीन विकत घ्यायला सांगितलं गेलं, आणि त्यातून खोट्या रजिस्ट्र्यांचा धंदा उभा राहिला. उच्च न्यायालयानं २००८ मध्ये त्यासाठी न्यायमूर्ती झा आयोग नेमला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख आणि रजिस्ट्रीत फसलेल्यांना प्रत्येकी १५ लाख रुपये द्यायला सांगितले. तेव्हा "जमीन मिळाली का?" एवढं विचारून थांबू नका. खसरा-खतौनी (इकडचा सातबारा) बघा, शेत दाखवा म्हणा, आणि तिथं पीक कोण काढतं ते विचारा.

सरकारी आकडे वाचा, पण त्यांची भोकं ओळखून

२०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित आहेत. आकडा पाहून हुरळून जाऊ नका. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा फार मोठा आहे. महत्त्वाचं म्हणजे कारणांचे रकाने: नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलणं, कुटुंबासोबत हलणं, इतर. विस्थापन नाहीच. १९९१ च्या जनगणनेत दुष्काळ-पूर हे कारण तरी होतं, २००१ पासून तेही गेलं. म्हणजे नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यासाठी २००४ मध्ये हरसूद गाव रिकामं झालं आणि तिथला एखादा दुकानदार इंदुरात येऊन हमाली करू लागला, तर जनगणनेत तो 'रोजगारासाठी आलेला' ठरतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ६४ वी फेरी, २००७-०८ ची, इथं जास्त उपयोगी आहे. तिच्या कारणांत विकास प्रकल्पामुळे विस्थापन, नैसर्गिक आपत्ती आणि दंगलीसारखी सामाजिक-राजकीय कारणं वेगवेगळी होती. शिवाय महिनाभर किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहणाऱ्यांची तिनं स्वतंत्र मोजणी केली. प्रश्नावली बनवताना तिचे रकाने जसेच्या तसे उचला. तुमचा आकडा देशाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, आणि अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो.

सरकारलाही ही भोकं अडचणीची होतात. २०२० च्या मे महिन्यात सेंधव्याजवळ महाराष्ट्राच्या सीमेवर हजारो मजूर अडकून पडले होते आणि मुंबई-आग्रा रस्त्यानं माणसं चालत इंदुराबाहेरून पुढे जात होती. त्याच वर्षी सप्टेंबरात टाळेबंदीतल्या स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी नसल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. आडवाटेनं आकडा काढायचे मार्गही आहेत: २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीनं रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांवरून अंदाज बांधला की दरवर्षी सुमारे ९० लाख लोक कामासाठी राज्य ओलांडतात. तुमच्या पातळीवर गंगवाल बसस्थानकावरून धार-झाबुआकडे सुटणाऱ्या जादा गाड्या हा तसाच पुरावा. होळीच्या आधी आणि नंतर त्या मोजून बघा.

केव्हा जायचं आणि कुठल्या टोकाला

भिल्ल पट्ट्यातलं स्थलांतर पंचांगाप्रमाणं चालतं. खरीप निघालं, दिवाळी झाली की कुटुंबं बडोदा, सुरत, राजकोट, मोरबीकडे किंवा इंदुरात उतरतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया हाट भरतात तेव्हा परततात, पुन्हा जातात, आणि पेरणीला घरी येतात. जानेवारीत झाबुआच्या गावात पाहणी केलीत तर कुलुपं आणि म्हातारी माणसं मिळतील. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे, आणि २०२७ ची होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर येते. या पट्ट्याचं गणित पुन्हा चुकणार, हे आत्ताच सांगता येतं. फेब्रुवारीत बंद घरं मोजून भगोरियाच्या आठवड्यात तीच घरं पुन्हा मोजणारा एखादा गट निघाला तर मला फार आनंद होईल.

शक्य असेल तर दोन्ही टोकं धरा, गाव आणि शहर. गोध्रा-बालासिनोरकडच्या दगड दळण्याच्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिस (दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) झालेले मजूर झाबुआ, अलीराजपूर, धारचे होते. कारखान्यांच्या हजेरीपटावर त्यांचा पत्ता नव्हता. स्थानिक संघटनांनी मजुरांच्या गावांत फिरून घरोघरी यादी केली: कोण गेला, किती महिने, खोकला कधी लागला, कधी वारला. त्या यादीच्या जोरावर प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयात टिकलं, आणि २०१६ मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायचा आदेश गुजरात सरकारला झाला. कामाच्या ठिकाणी पुरावा नसेल तेव्हा तो गावात असतो.

किती जणांना विचारायचं

एखादा हिस्सा ९५ टक्के खात्रीनं, पाच टक्क्यांच्या फरकानं सांगायचा तर साध्या यादृच्छिक निवडीत सुमारे ३८५ माणसं लागतात. दहा टक्क्यांचा फरक चालणार असेल तर ९६-९७. एकाच वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून वस्त्या निवडून आत विचारणार असाल तर आकडा दीड-दोनपट धरा. नमुना छोटाच असेल तर टक्केवारी सोडा, पंचवीस कुटुंबांची पूर्ण हकिकत द्या.

चौकात एक सापळा आहे. सकाळी दहाला निवांत बोलायला जे भेटतात, ते त्या दिवशी काम न मिळालेले. वयस्कर, आजारी, नवखे. त्यांच्यावरून सगळ्यांचं चित्र काढलं की ते हमखास काळं निघतं. सातच्या आधी पोचा, उभी माणसं मोजा, दर पाचव्याला फक्त गाव आणि राहण्याची जागा विचारा, आणि मुलाखत संध्याकाळी वस्तीवर घ्या. मजुरी बुडवून बोलायला लावू नका. नकार देणारेही मोजा. अहवालात तो आकडा पाहिला की जाणकार माणूस विश्वासानं पुढचं पान वाचतो.

विचारायचं कसं

"तुम्ही का आलात?" याला उत्तर ठरलेलं: पोटासाठी. त्यापेक्षा बारा महिन्यांचा तक्ता काढा आणि मागच्या दिवाळीपासून कुठल्या महिन्यात कुठं झोपलात, एवढंच भरून घ्या. सोबत कोण होतं, मुलं शाळेत होती की साइटवर, रेशन कुठं घेतलं, मुकादमाची उचल किती होती, हे प्रत्येक महिन्यासमोर आपोआप येतं. वर्षं लोकांना आठवत नाहीत, घटना आठवतात. २००४ आणि २०१६ चे उज्जैनचे सिंहस्थ, नोटाबंदी, सरदार सरोवराचे दरवाजे बंद झाले ते २०१७ साल, टाळेबंदी. या खुंट्यांवर आठवणी टांगून घ्या.

आणि एक प्रश्न प्रत्येक मजुराला विचाराच, मग अभ्यास रोजगाराचा का असेना: "तुमचं किंवा आईवडिलांचं गाव, शेत, घर कुठल्या धरणात, रस्त्यात, जंगलखात्यात, कारखान्यात गेलं आहे का?" मर्जीनं आलेला आणि हुसकावलेला अशी दोन खोकी कागदावर असतात. प्रत्यक्षात बाप विस्थापित आणि मुलगा मजूर, अशी घरं भेटतात.

विस्थापित कुटुंबाच्या प्रश्नावलीसाठी समाजशास्त्रज्ञ मायकेल सेर्निया यांची आठ जोखमींची चौकट हाताशी ठेवा: जमीन, काम, घर, समाजातलं स्थान, अन्न, आरोग्य, सामाईक संसाधनं आणि आपसातले संबंध. यातलं सातवं नुकसानभरपाईच्या तक्त्यात क्वचितच असतं. नदीतली मासळी, मोहाची फुलं, सरपण, गुरांची चराई. वर्षाला किती किलो मोह वेचायचे, आज तेवढ्याचा बाजारभाव काय, हे विचारून रुपयांत मांडलं तर नुकसान अधिकाऱ्याला समजणाऱ्या भाषेत येतं.

आपली हिंदी झकास असली तरी भिली, भिलाली, बारेली, निमाडी येणारं माणूस गटात हवंच, शक्यतो बाई. ठेकेदार किंवा सरपंच शेजारी बसला असेल तर ती मुलाखत हवापाण्याच्या गप्पांवर संपवा आणि वेगळ्या वेळी पुन्हा जा.

माहितीचा अधिकार

दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. "नोंदणी का होत नाही?" असं विचारलंत तर उत्तर येईल की हे कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. कार्यालयाकडे कागदावर जे आहे तेच मिळतं. म्हणून मागा: मागच्या पाच वर्षांचे वर्षवार अर्ज, मंजूर आणि नामंजूर, नामंजुरीच्या कारणांनुसार संख्या, सर्वेक्षणाच्या कोऱ्या नमुन्याची प्रत, यादी अंतिम केल्याच्या बैठकीचं इतिवृत्त. नावं मागू नका. क्षेत्रकामाच्या दोन महिने आधी अर्ज टाका, म्हणजे उत्तर हाती घेऊन उतरता येईल.

जुने देखरेख अहवालही धुंडाळा. सरदार सरोवराच्या पुनर्वसनावर महाराष्ट्राच्या बाजूनं टाटा समाजविज्ञान संस्थेनं आणि गुजरातच्या बाजूनं सुरतच्या समाजअध्ययन केंद्रानं नजर ठेवली होती. जागतिक बँकेनं नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीनं १९९२ मध्ये ठेवलेला मोठा ठपका हाच होता की विस्थापितांची पुरेशी पायाभूत माहितीच गोळा केलेली नाही. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं. पायाभूत पाहणी कंटाळवाणी असते. तिच्याशिवाय आधी-नंतरची तुलना कुठल्याच कार्यालयात टिकत नाही.

माणसाला धोका होऊ देऊ नका

आधार क्रमांक लिहून घेऊ नका. त्याची गरज नसते. नावांची वही आणि उत्तरांची वही वेगळी, मधे फक्त क्रमांक. अतिक्रमणावरच्या वस्तीचा अचूक नकाशा छापू नका. तुमचा नकाशा बुलडोझरवाल्यालाही वाचता येतो. सिंधमधून अलीकडे आलेल्या, व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांशी बोलणार असाल तर जास्तच जपून, कारण भारतानं १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही आणि अशा माणसाचं सगळं स्थैर्य एखाद्या कार्यालयातल्या शिक्क्यावर असतं. "यातून तुम्हाला काही मिळणार नाही" हे मुलाखतीच्या आधी स्पष्ट सांगा. हातात फॉर्म पाहिला की योजना आली असं वाटतं, आणि वाटू देणं ही फसवणूक आहे.

लिहा थोडं, द्या योग्य वेळी

दोन पानं, हिंदीत. मराठी आवृत्ती आपल्या मंडळींसाठी जरूर काढा, कलेक्टर कचेरीत हिंदीच चालते. पहिल्या परिच्छेदात मागणी, मग एक तक्ता: यादीबाहेर किती, आणि कुठल्या कारणानं किती. त्याखाली बदलायचा नियम किंवा फॉर्ममधला रकाना, नव्या शब्दांसकट लिहून. "नव्वद दिवसांच्या दाखल्याऐवजी अमुक चालावा" असं. बदलाचा खर्च काढता आला तर काढा. मुलाखती, पद्धत, नकारांचा आकडा हे सगळं मागे जोडपत्रात.

मंगळवारच्या जनसुनवाईत हा अहवाल देऊ नका. तिथं वैयक्तिक तक्रारींच्या गठ्ठ्यात तो जाईल. वेगळी वेळ मागा, आणि ज्या बाबूच्या टेबलावर ती यादी प्रत्यक्ष बनते त्याला आधी भेटा. फॉर्म कुठं अडतो हे त्याला तुमच्याहून जास्त माहीत असतं, आणि मसुद्यातली चूकही तोच काढतो. आमदाराला विधानसभेत विचारण्याजोगा एकच नेमका प्रश्न तयार करून द्या.

शेवटची प्रत गावाला. मध्य प्रदेशच्या २०२२ च्या पेसा नियमांत (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम) अनुसूचित क्षेत्रातून मजूर बाहेर नेणाऱ्यानं ग्रामसभेला कळवायचं आणि जाणाऱ्यांची नोंद ठेवायची तरतूद आहे. बहुतेक गावांत त्या नोंदवहीत काय लिहायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. तुमच्या प्रश्नावलीतले पाच रकाने निवडा: कोण, कुणाबरोबर, कुठं, किती उचल घेऊन, परत केव्हा. ते छापून भगोरियाच्या आठवड्यात घेऊन जा, माणसं गावात असतील. ग्रामसभेनं ते रकाने ठरावानं स्वीकारले की पुढची यादी तुमच्याशिवाय होऊ लागेल, आणि त्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मात्र त्याच दिवशी मागून घ्या.